रुसलेल्यांचं टेबल आणि चष्म्याचं दुकान

पत्राचा सारांश: या वाचक भगिनी वडिलांनी सुरू केलेलं चष्म्याचं दुकान चालवतात. भाऊ भागीदार आहे, हिशेब तो पाहतो. नंबर काढण्यापासून काचा बसवण्यापर्यंत सगळं दुकानातच होतं आणि काम चोख आहे, असं त्या खात्रीनं सांगतात. तरी गिऱ्हाईक कमी होत चाललं आहे. तरुण मुलं दुकानात फ्रेम घालून बघतात आणि ऑनलाइन मागवतात. त्यांच्या भागात एक अतिशय लाडकं, जरा वेडंच म्हणावं असं रेस्टॉरंट आहे. तिथे टेबलांना नंबरांऐवजी नावं आहेत. एक टेबल ‘रुसलेल्यांचं’. भांडून आलेल्या जोडप्याला मालक स्वतः तिथे नेऊन बसवतात. छताखालून खेळण्यातली आगगाडी फिरते आणि तिचं बटण मुलांच्या हाती असतं. बिलासोबत एक कोडं येतं, त्याचं उत्तर पुढच्या खेपेला मिळतं. लोक तिथे हसतखेळत रांगेत उभे राहतात. आपलं दुकानही असंच करावं असं या भगिनींना वाटतं: भिंती रंगवाव्या, फ्रेमना नावं द्यावीत, कर्मचाऱ्यांना रंगीबेरंगी ॲप्रन द्यावेत. भाऊ म्हणतो, “हे दुकान आहे, सर्कस नव्हे.” काचा बसवणारे जुने कारागीर गप्प आहेत, पण त्यांना पटलेलं दिसत नाही. हा बालिशपणा आहे का, दुसऱ्याची कल्पना उचलणं बरोबर का आणि खर्च किती करावा, असे त्यांचे प्रश्न आहेत.

तुमच्या पत्रात त्या रेस्टॉरंटचं वर्णन पानभर आहे. आगगाडीचा रंग आहे, मालक टेबलापर्यंत कसे चालत येतात तेही आहे. स्वतःच्या दुकानाबद्दल मात्र ‘काम चोख आहे’ एवढंच लिहून तुम्ही पुढे गेलात. मी तिथेच थांबले. त्या रेस्टॉरंटमध्ये तुम्ही गिऱ्हाईक म्हणून बसता, म्हणून तिथलं सगळं तुम्हाला दिसतं. आपल्या दुकानात तुम्ही कायम काउंटरच्या आतल्या बाजूला असता. समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तिथे काय वाटतं, हे पत्रात कुठेच नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या खुर्चीतच सापडेल असं वाटतं.

आधी त्या रेस्टॉरंटकडे जरा बारकाईनं पाहू. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गमती नेमक्या कुठे आहेत बघा. आगगाडी फिरते ती ऑर्डर देऊन झाल्यावर, मुलं कंटाळून टेबलावर चढायला लागतात त्या वेळात. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगा आणि वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं, त्यात त्यांचं पहिलंच निरीक्षण हे होतं की रिकामा वेळ भरलेल्या वेळापेक्षा लांब वाटतो. कोडं येतं ते बिलासोबत, म्हणजे मौज संपून हिशेब सुरू होतो त्या क्षणी. आणि रुसलेल्यांचं टेबल तर थेट अशा माणसांसाठी आहे, ज्यांना चारचौघांत बसणं नको झालेलं असतं. मालकांनी गंमत वाट्टेल तिथे पेरलेली नाही. पाहुणा जिथे अवघडतो, रेंगाळतो किंवा एकटा पडतो ती जागा त्यांनी हेरली आणि तिथे काहीतरी प्रेमळ ठेवलं. त्याला आपण वेडेपणा म्हणतो, पण त्यामागे माणसांकडे फार लक्ष देणारी नजर आहे. उचलायची असेल तर ती नजर उचला. आगगाडी त्यांच्याकडेच राहू द्या.

म्हणून ‘हा बालिशपणा आहे का’ या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: गंमत करणं बालिश नाही, पण तुम्ही लिहिलेल्या तीन कल्पनांनी तुमच्या गिऱ्हाइकाची एकही अडचण हलकी होत नाही. भिंतींचा रंग आठवड्याभरात दिसेनासा होतो. फ्रेमच्या नावानं पहिल्या दिवशी हसू येईल, पण ती नाकावर नीट बसते की नाही याच्याशी नावाचा संबंध नाही. आणि ॲप्रनचं ओझं तर तुमच्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर पडेल. ज्याला त्यात मजा वाटत नाही त्याला तो घालायला लावलात, तर गिऱ्हाइकाला ते चेहऱ्यावर लगेच दिसेल.

आता तुमच्या खुर्चीकडे येऊ. एक काम करा. दुकान बंद झाल्यावर, स्वतःला नंबर असेल तर चष्मा काढून, गिऱ्हाइकाच्या जागी बसा. नसेल तर जास्त नंबर असलेल्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला बोलवा. नवी फ्रेम घालून आरशात बघा. फ्रेममधल्या काचा नुसत्या दाखवायच्या, बिननंबरी असतात. ज्याला लांबचं अजिबात दिसत नाही, अशा माणसाला स्वतःचा चेहरा धूसर दिसतो. म्हणजे जो निर्णय तो वर्षानुवर्षं तोंडावर वागवणार, तो तुमच्या दुकानात तो जवळपास न बघताच घेतो. सोबत आलेल्याला विचारतो, “बरी दिसते का?” आणि कुणी सोबत नसेल तर तुमच्याच सेल्समनला विचारतो, ज्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे त्याला ठरवता येत नाही. हे अवघडलेपण मला त्या रुसलेल्या जोडप्याइतकंच खरं वाटतं.

काही दुकानांत अशा वेळी फोनवर फोटो काढून दाखवतात. तुम्ही ते मनापासून आणि पद्धतशीर करा. चार फ्रेम, चार फोटो, मग त्यांचा जुना चष्मा त्यांच्या हातात द्या आणि सगळे फोटो शेजारी शेजारी दाखवा. फोटो त्यांच्याच फोनवर काढा, म्हणजे ते घरी पाठवून मत विचारू शकतात. हो, त्या फोटोंवरून एखादा ऑनलाइन मागवेलही. त्याला मागवू द्या. त्याची फ्रेम सैल झाली, काडी कानामागे टोचायला लागली, की त्याला दुरुस्त करून देणारं माणूस शोधावंच लागतं. तेव्हा ‘आमच्याकडून घेतली नाहीत ना’ असं तोंडावर न आणता जर ती नीट करून दिलीत, तर पुढचा चष्मा कुठे करायचा हे तो बहुधा तिथेच ठरवेल. तुमच्या हातातलं हे कसब स्क्रीनवरून पाठवता येत नाही.

दुसरी अवघड जागा नंबर काढतानाची. “हे स्पष्ट की ते?” हा प्रश्न तुम्ही दिवसातून कितीदा विचारत असाल. समोरच्याला मात्र ती परीक्षा वाटते. चुकीचं सांगितलं तर चुकीचा चष्मा येईल या भीतीनं लोक घाईघाईनं काहीतरी बोलतात. सुरुवातीलाच सांगून टाका की इथे चुकीचं उत्तर नसतं, आणि ‘दोन्ही सारखंच दिसतंय’ हेही उत्तर आहे, उलट आमच्या फार उपयोगाचं आहे. यात रंग नाही, खेळणं नाही. तरी मला हे त्या आगगाडीच्या जवळचं वाटतं.

आणि आता तुमच्या धंद्यातला सर्वांत सुंदर क्षण. तुम्ही त्याचा पत्रात उल्लेखही केलेला नाही, रोज बघून तो तुमच्या नजरेआड झाला असावा. लहान मूल आयुष्यातला पहिला चष्मा घालतं आणि लांब बघतं. झाडाला सुटी सुटी पानं असतात हे काही मुलांना त्या दिवशी कळतं. चाळिशी लागलेला माणूस हात लांब न करता पहिल्यांदा बारीक अक्षर वाचतो. असा क्षण त्या रेस्टॉरंटच्या मालकांकडे नाही, तुमच्याकडे आहे, आणि तुमच्या दुकानात तो बहुधा पावती आणि डबी हातात देण्याच्या गडबडीत निघून जातो. तुम्हाला वेडेपणा करायचाच असेल तर तो इथे करा.

मला सुचलेली एक गोष्ट सांगते, तुम्हाला आणि तुमच्या कारागिरांना याहून चांगलं सुचेल. खुर्चीसमोरच्या, जरा लांबच्या भिंतीवर एक मोठं चित्र लावा. दाट झाडी असू दे. नंबर असलेल्याला चष्म्याशिवाय त्यात हिरवा पसारा दिसेल. चष्मा लावला की पानांआड लपलेली पाखरं, एक मुंगी, खोडावर लिहिलेलं बारीक नाव दिसेल. काही महिन्यांनी चित्र बदला. चाळिशीवाल्यांसाठी एक लहान कार्ड ठेवा, त्यावर एक कोडं आणि त्याचं उत्तर सर्वांत बारीक ओळीत. तपासणीचा तक्ता मात्र जसा असतो तसाच प्रमाणित ठेवा, त्यात काही करू नका. ही गंमत मोजमाप झाल्यानंतरची आहे.

यात एक काळजी घ्या, आणि ही मला महत्त्वाची वाटते. चष्मा लावूनही ज्यांना पूर्ण दिसत नाही अशी माणसं तुमच्याकडे येत असतील. ‘काय काय दिसलं, सांगा बघू’ असा खेळ त्यांच्यासमोर मांडलात तर तो घाव होईल. म्हणून विचारूच नका. चित्र नुसतं असू द्या, ज्याला दिसेल तो आपणहून बोलेल. तसंच कुणी घाबरून आलं, की अचानक डोळ्यासमोर ठिणग्या चमकायला लागल्या, पडदा आल्यासारखं झालं, तर तिथे गंमत नाही, विक्रीही नाही. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. लोकांचा जीव जडतो अशा ठिकाणी गंमत कधी आवरायची हेही मालकाला कळतं. तुमचे रेस्टॉरंटवाले प्रत्येक जोडप्याला रुसलेल्यांच्या टेबलावर बसवत नसणार. तेही आधी चेहरा वाचत असतील.

तुमचे कारागीर गप्प आहेत असं तुम्ही लिहिलंत. त्यांच्याशी बोलल्याशिवाय रंगाऱ्याला फोन करू नका, ही माझी कळकळीची विनंती. कुणाच्या नाकावरून फ्रेम घसरते, कुणाचा एक कान थोडा खाली आहे, कोण दर दोन महिन्यांनी काडी मोडून येतं, हे त्या कारागिरांना पाठ असेल. तुमच्या दुकानातली नजर कदाचित आतल्या खोलीत, मशीनपाशी बसलेली आहे.

या संदर्भात एक अभ्यास तुम्हाला आवडेल. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे रायन ब्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विद्यापीठाच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी आणि खाणारे यांना एकमेकांना दिसण्याची सोय करून पाहिली. दोघं एकमेकांना दिसू लागल्यावर लोकांना तेच जेवण जास्त पसंत पडलं, आणि कामही लवकर व्हायला लागलं. त्यातला मला भावलेला भाग वेगळाच आहे: फक्त स्वयंपाक्यांना खाणारे दिसत होते, तेव्हाही समाधान वाढलं. आपण कुणासाठी राबतोय हे दिसलं की हात वेगळा चालतो. तुमच्याकडे काच कापून फ्रेमला बसवण्याचं काम आत होतं. मध्ये एक काचेची खिडकी केली तर? मुलं खिळून बघत राहतील. पण आधी कारागिरांना विचारा. काहींना कुणी हाताकडे बघितलेलं चालत नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे. खिडकी नको असेल तर निदान एवढं करा: तयार चष्मा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर कारागिरांच्याच हातानं चढवू द्या. काडी वाकवणं, नाकाचे पॅड सारखे करणं त्यांनीच करावं. ज्या मुलासाठी काच घासली त्याचा चेहरा त्यांना किती वर्षांत दिसला नसेल.

कल्पना उचलण्याबद्दल. कोडं, टेबलांची नावं, आगगाडी यांवर कुणाची मालकी नसते, त्यामुळे हा चोरीचा प्रश्न नाही. पण एकाच भागात तीच गंमत दुसऱ्यांदा दिसली की लोकांना मूळ जागा आठवते, तुमची नाही. शिवाय ते मालक बोलके आहेत, टेबलापाशी येऊन थट्टा करतात. तुम्ही स्वतःला ‘मितभाषी’ म्हटलंय. त्यात बदलण्यासारखं काही नाही. डोळ्यांसारख्या नाजूक कामात शांत माणूस समोर असणं अनेकांना बरंच वाटेल.

वेटरला मिळणाऱ्या टिपेबद्दलचा एक जुना प्रयोग इथे आठवतो. अमेरिकेत डेव्हिड स्ट्रोमेट्झ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. बिलासोबत चॉकलेट दिलं तर टिप वाढते का, हे त्यांनी पाहिलं. वाढली. पण सर्वांत जास्त टिप मिळाली ती वेटरनं एक चॉकलेट देऊन जायला वळल्यावर, काहीतरी मनात आल्यासारखं थांबून आणखी एक दिलं तेव्हा. चॉकलेट दोनच, पण एकदम दोन देण्यापेक्षा परत वळून दिलेलं लोकांना जास्त भावलं. काही जण यातून युक्ती शिकतात: रोज ठरवून ‘परत वळायचं’. मला ते पटत नाही. दुसऱ्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला ते नाटक कळतं. मी यातून इतकंच घेईन की माणसाला आपल्यापुरतं, आपल्याकडे बघून केलेलं काहीतरी हवं असतं, आणि ते अगदी लहान असलं तरी पुरतं. नवा चष्मा नेल्यावर आठवड्यानं ‘डोकं दुखत नाही ना, पायऱ्या उतरताना अडखळायला होत नाही ना’ असा एक फोन, विशेषतः पहिल्यांदा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या, काचा घेतलेल्यांना, हे तुमच्या स्वभावात बसेल.

आता तुमच्या पत्रामागचं एक गृहीत, ज्यावर मला जरा थांबायचं आहे. लोकांना आवडतं म्हणजे धंदा चांगला चालतो, असं तुम्ही धरून चालला आहात. त्या रेस्टॉरंटचा हिशेब आपल्यापैकी कुणी पाहिलेला नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या लेकवुडमध्ये ‘कासा बोनिटा’ नावाचं एक रेस्टॉरंट १९७४ पासून आहे. आत धबधबा, त्यावरून उड्या मारणारे पोहणारे, गुहा. जेवणाबद्दल लोक नाकं मुरडायचे, पण तिथे वाढदिवस साजरे केलेल्या कित्येक पिढ्यांचा त्या जागेवर जीव. तरीही महासाथीत ते बंद पडलं आणि २०२१ मध्ये त्याच्या चालकांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच राज्यात लहानाचे मोठे झालेले, ‘साउथ पार्क’ या कार्टून मालिकेचे निर्माते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी ते सुमारे ३१ लाख डॉलरना विकत घेतलं, आणि दुरुस्तीवर ४ कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. २०२३ मध्ये ते पुन्हा उघडलं. लोकांच्या प्रेमानं जागा जिवंत राहिली हे खरं, पण धबधब्याचे पंप आणि विजेच्या तारा प्रेमावर चालत नाहीत. एच. जी. पारसा आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या कोलंबस शहरातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मालकी बदलणंही धरून, सुमारे २६ टक्के रेस्टॉरंटं पहिल्याच वर्षात आणि जवळपास ६० टक्के तीन वर्षांत गेली. त्यांतही गमतीशीर, कल्पक जागा असतीलच. त्या बंद झाल्या म्हणून त्यांच्याबद्दल आपल्याला कुणी पत्र लिहीत नाही.

तुमच्या भावाच्या ‘सर्कस’ शब्दानं तुम्ही दुखावलात, ते समजतं. तरी त्याच्या बोलण्यात एक व्यवहारी प्रश्न आहे: पहिला उत्साह ओसरल्यावर हे सगळं रोज कोण करणार? चित्र कोण बदलेल, फोन कोण करेल, दिवाळखोरीच्या वाटेवर नेणारी एखादी हौस कोण थांबवेल? हिशेब तो पाहतो ना, मग त्यालाच या प्रयोगात घ्या. वेगळी काढलेली एक रक्कम त्यानं ठरवावी, ती गेली तर दुकानाला धक्का लागणार नाही इतकीच. तिच्यासाठी कर्ज काढू नका. एका वेळी एकच गोष्ट सुरू करा, म्हणजे कशाचा उपयोग झाला ते कळेल. मी तुमच्या जागी असते तर फोटोंपासून सुरुवात केली असती, कारण त्याला पैसा जवळजवळ लागत नाही.

पाहायचं काय, हेही आधी ठरवा. किती जणांनी चित्रासोबत फोटो काढून टाकला यावर जाऊ नका. बघायला आलेल्यांपैकी किती जणांनी चष्मा केला, किती जण आपणहून फ्रेम घट्ट करून घ्यायला परत आले, किती जण घरातल्या दुसऱ्याला घेऊन आले, एवढं वहीत लिहा. तीन-चार महिन्यांत हे आकडे हलले नाहीत तर ती गोष्ट बंद करून दुसरी घ्या, आणि बंद करण्यात कमीपणा मानू नका.

दवाखाना, शिलाईचं दुकान, दुरुस्तीचं काम, शिकवणी चालवणाऱ्या ज्या वाचकांना असाच मोह होतो आहे, त्यांनीही हीच वाट धरावी. आपल्याकडे आलेला माणूस कुठे घुटमळतो, कुठे हसून वेळ मारून नेतो, कुठे विचारायला लाजतो, ते महिनाभर नुसतं बघा. शिंप्याकडे माप देताना लोक पोट आत घेतात. दुरुस्तीला वस्तू टाकून जाताना ‘नक्की होईल ना’ असं दोनदा विचारतात. तुमची जागा तिथेच कुठेतरी आहे.

आणि त्या रेस्टॉरंटच्या मालकांना एकदा भेटा, गर्दी नसेल अशा वेळी. तुम्हाला तिथे काय आवडतं ते मोकळेपणानं सांगा, त्यांना आनंद होईल. मग विचारा की कोणती गंमत त्यांनी सुरू केली आणि बंद केली, आणि का. ते सांगतील ते त्या आगगाडीपेक्षा तुमच्या जास्त कामाचं असेल. जमलं तर भावालाही सोबत न्या.